वाईट बातमी वेळेवर कळण्याचा हक्क

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही मालिका चालते, त्यांच्याविषयी तुमच्यापैकी अनेकजण माझ्याहून अधिक अधिकाराने बोलू शकतील. आजच्या विषयासाठी मला त्यांची एकच गोष्ट पुरेशी आहे. परीक्षक म्हणून ते कडक होते, आणि ज्याला नापास केलं त्याला समोर बसवून का नापास केलं ते सांगत. या दोन गोष्टी एकाच माणसात राहू शकतात, किंबहुना त्या एकत्रच राहायला हव्यात, एवढंच मला आज सांगायचं आहे.

विषय आहे वैद्यकीय महाविद्यालयातून काढून टाकलेल्या विद्यार्थ्याच्या बचावाचा. मी वकील आहे. अशा प्रकरणांत विद्यार्थ्यांच्या बाजूनेही उभी राहिले आहे आणि महाविद्यालयांच्या बाजूनेही. विषय सांगितला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: अशा मुलाचा बचाव करायचाच कशाला? उद्या हाच कुणाच्या तरी आईच्या पोटावर सुरी धरणार आहे ना? हा प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. इंजिनियर, वकील किंवा इतिहासाचा पदवीधर कच्चा निघाला तरी नुकसान होतंच. पण वैद्यकीय शिक्षणात विद्यार्थी शिकत असतानाच जिवंत माणसाला हात लावतो. म्हणून काढून टाकण्याचा अधिकार महाविद्यालयाकडे असलाच पाहिजे. वाद आहे तो अधिकार वापरायच्या रीतीचा.

हा अधिकार मोकाट सुटला की काय होतं, याचं एक जुनं उदाहरण देते. 1850 साली हार्वर्डच्या मेडिकल स्कूलमध्ये मार्टिन डेलनी, डॅनियल लेंग आणि आयझॅक स्नोडेन या तीन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला. काही गोऱ्या विद्यार्थ्यांनी अर्ज केला की आम्ही यांच्याबरोबर शिकणार नाही. या तिघांची बाजू घेणारे गोरे विद्यार्थीही होते. अध्यापकवर्गाने मात्र ठरवलं की चालू सत्र संपलं की यांना पुन्हा घ्यायचं नाही. त्या वेळी डीन होते ऑलिव्हर वेंडेल होम्स, कवी आणि नामांकित डॉक्टर. तिघांवर अभ्यासाचा ठपका नव्हता, वर्तनाचाही नव्हता. इतरांना ते नकोसे होते, एवढ्यावर त्यांचं शिक्षण तिथे संपलं. दाद मागायला जागा नव्हती, कारण द्यायचं बंधन नव्हतं. पुढे अमेरिकी न्यायालयं, आणि स्वातंत्र्यानंतर आपलीही, या दोन गोष्टींवरच बोलत आली: कारण सांगा आणि ऐकून घ्या.

विद्यार्थ्याला घरी पाठवण्याचे रस्ते साधारण तीन. तो अभ्यासात किंवा वॉर्डातल्या कामात कमी पडला. त्याने गैरवर्तन केलं. किंवा त्याचा प्रवेशच नियमात बसत नव्हता असं नंतर उघड झालं. बाहेरून तिन्ही सारखे दिसतात. तिन्हींत मुलगा बॅग भरून गावी परततो. पण बचावाच्या दृष्टीने हे तीन वेगळे खटले आहेत. त्यांची सरमिसळ केली की निम्मी लढाई तिथेच हरली जाते.

पहिला रस्ता अभ्यासाचा. यावरचा सगळ्यात महत्त्वाचा निवाडा अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातला आहे. शार्लट हॉरोविट्झ ही विद्यार्थिनी 1971 मध्ये कॅन्सस सिटीच्या मेडिकल स्कूलमध्ये दाखल झाली. तक्रार होती ती वॉर्डातल्या कामाची. बालरोग विभागात ती बरोबरीच्यांच्या मागे पडत होती, क्लिनिकला हजेरी अनियमित होती, वैयक्तिक स्वच्छतेकडे दुर्लक्ष होतं. तिला पुढच्या वर्षात घेतलं ते ताकीद देऊनच. मग सांगितलं की मोठी सुधारणा दिसली नाही तर तुला ठेवता येणार नाही.

आता पुढचा भाग नीट ऐका. तिला दाद मागायची संधी म्हणून महाविद्यालयाने त्या भागात प्रॅक्टिस करणाऱ्या सात डॉक्टरांकडे थोडा थोडा काळ काम करायला पाठवलं. त्यांनी आपापलं मत द्यायचं होतं. सातांपैकी दोघं म्हणाले, हिला वेळेवर पदवी द्या. दोघं म्हणाले, आत्ताच काढून टाका. तिघं म्हणाले, पदवी एवढ्यात नको, ताकीद कायम ठेवून आणखी पाहा. त्यानंतरही इतर विभागांचे अहवाल वाईट आले आणि 1973 मध्ये तिचं नाव कमी झालं. ती न्यायालयात गेली. तिचं म्हणणं होतं की मला रीतसर सुनावणी मिळाली नाही. 1978 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या विरोधात निकाल दिला. विद्यार्थी वॉर्डात पुरेसा तयार आहे का, हा शिक्षकांच्या जाणकारीचा प्रश्न आहे. साक्षीपुरावे आणि उलटतपासणी घेऊन तो सुटत नाही, आणि म्हणून अशा प्रकरणांत रीतसर सुनावणी घटनेने बंधनकारक नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

सात वर्षांनी, 1985 मध्ये, मिशिगन विद्यापीठाच्या यूइंग खटल्यात तेच न्यायालय आणखी पुढे गेलं. त्या विद्यार्थ्याला एका महत्त्वाच्या परीक्षेत 345 गुण हवे होते आणि मिळाले 235. नापास झालेल्या इतरांना पुन्हा बसू दिलं होतं, त्याला नाही दिलं. तरीही न्यायालय म्हणालं की शिक्षकांनी त्याची पूर्ण कारकीर्द पाहून प्रामाणिकपणे ठरवलं आहे, आम्ही त्यात हात घालणार नाही.

हॉरोविट्झचा निकाल महाविद्यालयांचे वकील नेहमी फडकावतात. त्यातून ते एवढंच घेतात की सुनावणी लागत नाही. मी तो निकाल वेगळ्या नजरेने वाचते. ती बाई हरली, कारण तिला आधीपासून सगळं सांगितलेलं होतं. एकदा नव्हे, पुनःपुन्हा, आणि सुधारायला मुदत देऊन. त्रयस्थ डॉक्टरांचं मतही घेतलं होतं, आणि त्यातलं तिच्या बाजूचं मतही नोंदीत होतं. एवढी नोंद टेबलावर असेल तर सुनावणी घेतली काय नि न घेतली काय, निर्णय उभा राहतो. ती नोंद नसेल, तर सुनावणीचा देखावा करूनही तो डळमळतो.

आपल्याकडे काय चालतं? न्यायालयांची भूमिका जवळपास तीच आहे. 1984 साली परितोष शेठ खटल्यात आपल्याच पुण्याच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचा नियम वादात होता: उत्तरपत्रिका पाहायची नाही, फेरतपासणी नाही. मुंबई उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने कौल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि परीक्षेच्या गुणवत्तेत न्यायालयांनी सहसा लक्ष घालू नये असं बजावलं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी पहिल्याच दिवशी सांगते की व्हायवात सरांनी मुद्दाम दोन मार्क कमी दिले, या मुद्द्यावर रिट याचिका उभी राहणार नाही. पण 2011 मध्ये आदित्य बंदोपाध्याय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक खिडकी उघडली. परीक्षार्थीला माहितीच्या अधिकारात स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते. मार्क वाढवून मागता येत नाहीत, पण बेरीज चुकली असेल, एखादं उत्तर तपासायचं राहिलं असेल, तर ते दाखवता येतं. असे खटले जिंकले जातात.

एमबीबीएसच्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर टांगलेली खरी तलवार मात्र प्राध्यापकांच्या हातात नसते, ती नियमातच आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांप्रमाणे पहिली एमबीबीएस पास व्हायला चार संधी, आणि सगळा अभ्यासक्रम प्रवेशापासून नऊ वर्षांत. परीक्षेला बसायला थिअरीत 75 टक्के आणि प्रॅक्टिकलमध्ये 80 टक्के हजेरी. चौथी संधी गेली की डीनच्या हातात दया दाखवायलाही जागा उरत नाही. मग बचाव कुठे? तो चौथ्या निकालानंतर नाही, पहिल्या निकालानंतर आहे. मुलाला नैराश्य आहे, वाचनात अडचण येते, कानाने कमी ऐकू येतं, घरी कोणी गेलं आहे, हे तेव्हा सांगितलं तर त्याचा उपयोग होतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता या दोन्हींचा समावेश आहे, आणि वाजवी सोय करून देणं हे संस्थेवर बंधन आहे. पण मागितलीच नाही ती सोय नाकारली असं कसं म्हणणार? काढल्यानंतर आणलेलं मनोविकारतज्ज्ञाचं सर्टिफिकेट न्यायाधीश वाचतात, तारीख पाहतात आणि बाजूला ठेवतात.

दुसरा रस्ता गैरवर्तनाचा. इथे कायदा विद्यार्थ्याला जास्त संरक्षण देतो, कारण इथे प्रश्न जाणकारीचा नसतो. काय घडलं आणि ते कोणी केलं, याचा असतो. अमेरिकेत याची पायाभरणी 1961 च्या डिक्सन खटल्याने केली. अलाबामात वर्णभेदाविरुद्ध उपाहारगृहात बैठा सत्याग्रह केलेल्या विद्यार्थ्यांना त्यांच्या सरकारी कॉलेजाने नोटीस न देता काढलं होतं, आणि अपील न्यायालयाने सांगितलं की आरोप कळवल्याशिवाय आणि म्हणणं ऐकल्याशिवाय असं करता येणार नाही.

आपला खटला रांचीचा. राजेंद्र मेडिकल कॉलेजमधल्या 36 विद्यार्थिनींनी जून 1972 मध्ये प्राचार्यांकडे तक्रार केली की काही मुलगे रात्री त्यांच्या वसतिगृहाच्या आवारात घुसले, अंगावर कपडे न ठेवता फिरले, खिडक्यांपर्यंत आले. चौघांना त्यांनी ओळखलं होतं. प्राचार्यांनी तीन अध्यापकांची समिती नेमली. समितीने मुलींचे जबाब घेतले, पण मुलांना तिथे बसवलं नाही. ओळख पक्की करायला या मुलांचे फोटो इतर विद्यार्थ्यांच्या फोटोंत मिसळून मुलींपुढे ठेवले. नंतर मुलांना बोलावलं, आरोप लेखी दिला, त्यांचं म्हणणं घेतलं. ते म्हणाले, आम्ही त्या रात्री आमच्या वसतिगृहात झोपलो होतो. समितीला ते पटलं नाही आणि त्यांना दोन वर्षांसाठी काढलं गेलं.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मुलांची तक्रार सरळ होती: साक्षी आमच्या पाठीमागे घेतल्या, आम्हाला उलटतपासणी मिळाली नाही. 1973 साली न्यायमूर्ती पालेकरांनी लिहिलेल्या निकालात, हिरानाथ मिश्रा खटल्यात, उत्तर आलं की नैसर्गिक न्याय म्हणजे एकच ठरीव साचा नव्हे. त्या मुलींना मुलांसमोर उभं केलं असतं तर त्या पुढे आल्याच नसत्या, आणि आल्या असत्या तर पुढे त्यांना त्याच आवारात राहायचं होतं. आरोप काय आहे ते मुलांना नेमकं कळलं, आणि खोडून काढायची संधी मिळाली, एवढं पुरे. हा निकाल काही वकिलांना आवडत नाही. मला आवडतो, आणि तो फोटोंमुळे. त्या तीन अध्यापकांनी ओळख चुकू नये म्हणून स्वतःहून काळजी घेतली. उलटतपासणी नाकारायची असेल तर तिचं काम दुसऱ्या कशाने तरी व्हायला हवं, हे त्यांना कोणी न सांगता कळलं होतं.

आपल्या राज्यात 1999 चा रॅगिंगविरोधी कायदा आहे. तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करायचं आणि पोलिसांना कळवायचं. न्यायालयात दोष सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, संस्थेतून बडतर्फी आणि पाच वर्षं दुसरीकडे कुठेही प्रवेश नाही. कायदा कडक आहे आणि असायलाच हवा. ज्यांना शंका असेल त्यांनी 2009 मध्ये हिमाचलातल्या टांडा मेडिकल कॉलेजात जीव गमावलेल्या अमन काचरूची आठवण ठेवावी. पण निलंबन आणि बडतर्फी यांत हा कायदा स्वतः फरक करतो. पहिलं चौकशीवर, दुसरं दोषसिद्धीवर.

हा फरक सगळ्यात अवघड जागी तपासला गेला तो मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या प्रकरणात. मे 2019 मध्ये डॉ. पायल तडवी गेल्या. पदव्युत्तर शिक्षण घेणारी, आदिवासी समाजातून आलेली ही डॉक्टर वरिष्ठ सहकाऱ्यांच्या छळाने गेली, असा आरोप आहे, आणि तीन डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. उच्च न्यायालयाने जामीन देताना त्या तिघींना नायरच्या आवारात जायला बंदी केली होती, त्यामुळे त्यांचं शिक्षण थांबलं. ऑक्टोबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती उदय लळित यांच्या खंडपीठाने त्यांना अटींवर परत जाऊन अभ्यासक्रम पुरा करायची परवानगी दिली. खटला चालू आहे, दोष ठरलेला नाही, आणि अर्धवट शिक्षण ही स्वतःच एक शिक्षा आहे, असा तो विचार होता. पायलच्या घरच्यांना हे वाचताना काय वाटलं असेल, याची कल्पना मी करू शकते. तरीही मला हा निकाल योग्य वाटतो. त्याच वेळी मी असंही म्हणते की वरिष्ठ त्रास देतात ही तक्रार पहिल्यांदा कानावर येते, तेव्हाच संस्थेने ती लेखी नोंदवून दोन्ही बाजूंना बोलावलं पाहिजे. तेव्हाची एक ओळ एक जीव वाचवू शकते, आणि वरिष्ठांनाही वेळीच सांगते की तुम्ही करता ते गुन्ह्याच्या हद्दीत जातं.

आता या सगळ्याचा कागद कसा दिसतो ते पाहू. कारणे दाखवा नोटिसा मी इतक्या वाचल्या आहेत की त्यांचा नमुना मला पाठ आहे: ‘आपणांस याद्वारे कळविण्यात येते की, आपले वर्तन संस्थेच्या शिस्तीस व लौकिकास बाधा आणणारे असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी आपणाविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा तीन दिवसांच्या आत सादर करावा. विहित मुदतीत खुलासा प्राप्त न झाल्यास आपणांस काहीएक सांगावयाचे नाही, असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल.’

यात काय नाही ते बघा. कोणत्या तारखेला, कुठे, काय केलं ते नाही. तक्रार कोणाची ते नाही. कोणता नियम मोडला ते नाही. काढून टाकणार आहात की दंड करणार आहात, ते नाही. या कागदाला खुलासा लिहिणं म्हणजे कोणता गुन्हा केला ते न सांगता ‘कबूल आहे का?’ असं विचारण्यासारखं आहे.

आणि मग काय होतं? तिसऱ्या दिवशी आईवडील गावाहून एसटीने येतात. वडील डीनच्या केबिनबाहेर दोन तास उभे राहतात. आत गेल्यावर हात जोडतात. कार्यालयातला एखादा भला कारकून मुलाला म्हणतो, अरे लिहून दे माफीनामा, मिटून जाईल. मुलगा लिहितो: ‘माझ्याकडून चूक झाली आहे, पुन्हा असे होणार नाही.’ कोणती चूक ते तोही लिहीत नाही, कारण ते नोटिशीतच नव्हतं. सहा महिन्यांनी उच्च न्यायालयात महाविद्यालयाचं प्रतिज्ञापत्र येतं आणि त्याला जोडलेलं पहिलं परिशिष्ट असतं तो माफीनामा. विद्यार्थ्याने दोष मान्य केला आहे!

तेव्हा मुलांनो, माफीनामा लिहिण्याआधी तीन गोष्टी करा. नोटिशीला मुदतीत उत्तर द्या, आणि त्या उत्तरात आधी मागा: तक्रारीची प्रत, घटनेचा तपशील, नियमाचं कलम, प्रस्तावित शिक्षा. जे घडलं ते मुद्द्यागणिक मान्य करा किंवा नाकारा. निम्मं खरं असेल तर निम्मं मान्य करा, त्याने तुमची विश्वासार्हता वाढते. आणि अर्ज आवक विभागात देऊन शिक्का मारलेली पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कोणालाच आठवत नाही. सुनावणीला गेलात तर बाहेर आल्यावर त्याच दिवशी काय झालं ते लिहून डीनना पाठवा. महाविद्यालय खासगी आहे म्हणून रिट चालणार नाही, असं कोणी म्हणालं तर घाबरू नका. सार्वजनिक कर्तव्य करणाऱ्या खासगी संस्थेविरुद्धही रिट चालते, हे 1989 च्या अंदी मुक्ता ट्रस्टच्या निकालाने ठरलं आहे.

न्यायालय काय पाहतं तेही ध्यानात घ्या. 1977 च्या मोहिंदर सिंग गिल खटल्यापासून हे पक्कं आहे की आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच टिकतो किंवा पडतो. नंतर प्रतिज्ञापत्रात नवी कारणं भरून तो सावरता येत नाही. पण 2020 मध्ये सुधीर कुमार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असंही स्पष्ट केलं की नुसतं ‘मला ऐकलं नाही’ म्हणून भागत नाही. ऐकलं असतं तर मी काय सांगितलं असतं, आणि त्याने काय फरक पडला असता, ते दाखवावं लागतं. म्हणून उत्तराचा मसुदा आधी तयार हवा. खटला उच्च न्यायालयात लढला जातो. पण त्याचा पुरावा घडतो तो कॉलेजच्या आवक-जावक टेबलावर.

तिसरा रस्ता प्रवेशाचा, आणि तो महाराष्ट्रात फार वर्दळीचा आहे. 1985-86 मध्ये एका तरुणाला हलबा या अनुसूचित जमातीच्या जागेवर एमबीबीएसला प्रवेश मिळाला. पडताळणी समितीने म्हटलं की हा कोष्टी आहे, हलबा नाही. उच्च न्यायालयाने हलबा-कोष्टी हे हलबाच असं मानलं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निकाल, जो मिलिंद खटला म्हणून ओळखला जातो, लागला नोव्हेंबर 2000 मध्ये. राष्ट्रपतींच्या यादीत न्यायालयाला एक अक्षरही घालता येत नाही, असं सांगून प्रमाणपत्र अवैध ठरलं. पण पंधरा वर्षं लोटली होती, तो डॉक्टर झाला होता, त्याच्यावर जनतेचा पैसा खर्च झाला होता. पदवी काढून घेऊन कोणाचं भलं होणार, असं म्हणत न्यायालयाने ती राहू दिली, पुढचे सगळे लाभ मात्र बंद केले.

या निकालाचा आधार घेऊन पुढे शेकडो जणांनी दया मागितली. 2017 मध्ये जगदीश बहिरा खटल्यात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी ती वाट बंद केली. खोट्या दाव्यावर मिळालेला लाभ परत गेलाच पाहिजे, कारण ती जागा खऱ्या आदिवासी मुलाची होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत मध्य प्रदेशातल्या व्यापम या प्रवेशपरीक्षा घोटाळ्याच्या प्रकरणात 634 जणांचे प्रवेश रद्द करण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयात कायम झाला. आधीच्या खंडपीठातल्या एका न्यायमूर्तींनी सुचवलं होतं की त्यांच्याकडून काही वर्षं विनावेतन सेवा घ्यावी; तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते नाकारलं. आणि मे 2024 मध्ये आपल्या उच्च न्यायालयाने एका डॉक्टर मुलीची पदवी वाचवली. तिच्या वडिलांनी नॉन-क्रीमीलेअर दाखल्यात खोटी माहिती दिली होती. न्यायालय म्हणालं, देशात डॉक्टर कमी आहेत, म्हणून पदवी राहू दे. पण खुल्या प्रवर्गाची फी भर आणि वर दंड दे.

हे निकाल एकमेकांशी भांडतात, असं वरवर वाटेल. मला त्यांत एक समान दुखणं दिसतं. 1985 चा प्रश्न 2000 मध्ये सुटला. मधल्या काळात त्याच्या जागेवर जो मुलगा बसायचा होता त्याचं काय झालं, याची नोंद कोणत्याच निकालपत्रात नाही. दाखला पहिल्या सहा महिन्यांत तपासून निकालात काढला असता, तर एक जागा वेळेत परत मिळाली असती आणि एक तरुण पंधरा वर्षं टांगणीला लागला नसता. उशीर झाला की न्यायालयापुढे फक्त दोन वाईट पर्याय उरतात: शिकलेला डॉक्टर बाद करा, किंवा हिसकावलेली जागा माफ करा.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळते. विद्यार्थ्याचा बचाव केला तर रुग्णाचं काय? माझं उत्तर असं की या तिन्ही रस्त्यांवर विद्यार्थ्याला ज्याची गरज आहे, नेमकी त्याचीच रुग्णालाही गरज आहे. दोघांनाही हवं आहे ते हे, की कमतरता दिसली की ती त्याच आठवड्यात, लेखी, नाव घेऊन सांगितली जावी.

आणि नेमकं तेच आपल्याकडे होत नाही. नव्या अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थ्याला लॉगबुक आहे. प्रत्येक कौशल्यापुढे रकाना आहे: अपेक्षेपेक्षा कमी असेल तर ‘बी’, अपेक्षेप्रमाणे असेल तर ‘एम’, अपेक्षेपेक्षा जास्त असेल तर ‘ई’. त्याच्या शेजारी निर्णय: पूर्ण, पुन्हा करा, किंवा सुधारवर्ग. छपाई उत्तम आहे. माझ्यापुढे आलेल्या अशा काही वह्यांत मात्र वर्षभराच्या सगळ्या रकान्यांत ‘एम’ होतं, सगळ्या सह्या एकाच शाईच्या, एकाच दुपारी केलेल्या. त्याच विद्यार्थ्याला काढताना महाविद्यालय म्हणतं की तो पहिल्यापासूनच कच्चा होता. मग ही वही खोटी की हा आदेश खोटा? विद्यार्थ्याचा वकील न्यायालयात हाच प्रश्न विचारतो, आणि त्या प्रश्नावर कच्चा विद्यार्थी परत येतो. ‘जाऊ दे, पोरगं आहे, फायनलला बघू’ म्हणणाऱ्या प्राध्यापकाने विद्यार्थ्यावर अन्याय केला, कारण त्याला सुधारायची वेळ दिली नाही. आणि रुग्णावरही केला, कारण काढायची वेळ आली तेव्हा हातात एकही कागद नव्हता. ही दया नव्हे. हा आळस आहे, आणि त्याची किंमत दुसरेच मोजतात.

कर्करोगाचा अहवाल हातात असताना रुग्णाला ‘काही नाही, ॲसिडिटी आहे’ म्हणणारा डॉक्टर आपण चांगला मानत नाही. शिक्षकाकडूनही तीच अपेक्षा ठेवायला हवी.

तेव्हा या सभागृहातल्या डीन आणि विभागप्रमुखांना माझं मागणं तीन ओळींचं आहे. प्रत्येक टर्म संपताना प्रत्येक विद्यार्थ्याला एक पान द्या, त्यावर त्याची नेमकी कमतरता आणि सुधारायची मुदत लिहा, त्याची सही घ्या आणि त्याला दोन ओळी लिहायची जागा ठेवा. चौकशी समितीत तक्रारदार आणि त्याच्या विभागाचा प्रमुख बसवू नका. आणि काढण्याचा आदेश निघेल तेव्हा त्यात कारणं आणि अपिलाची मुदत छापा. विद्यार्थी आणि पालकांना एवढंच सांगते की ते पान मागून घ्या, त्यावर वाईट लिहिलं असेल तर अधिकच जपून ठेवा, आणि त्याच आठवड्यात त्यावर काम सुरू करा.

यानंतरही काही विद्यार्थी जातील, आणि जायलाच हवेत. त्या वेळी मी महाविद्यालयाच्या बाजूने उभी राहीन, आणि माझ्यापुढे नोंदींची पूर्ण फाईल असेल. या व्यवस्थेसाठी नवा कायदा नको, जास्तीचा निधी नको. छापलेली वही प्रत्येक कॉलेजात पडून आहे. येत्या टर्मपासून ती खरी भरायला घेता येईल.